रिले सुरू केला, पण वर्दळ कुठे आहे?

मागच्या अंकात टॉर या अनामिकता-जाळ्याची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाला होता. हे जाळे कोणा कंपनीच्या यंत्रांवर नव्हे, तर स्वयंसेवकांनी स्वखर्चाने चालवलेल्या काही हजार सर्व्हरवर उभे आहे, असा त्यात शेवटी ओझरता उल्लेख होता. बाकी सगळा लेख बाजूला राहिला आणि पत्रे आली ती बहुतेक त्या एका वाक्यावर. त्यांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. मी स्वतः काही वर्षे असे सर्व्हर सांभाळत आलो आहे, त्यामुळे काही ठिकाणी माझ्या चुकाही उत्तरात आल्या आहेत.

मागचा अंक ज्यांच्या हाती आला नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो. टॉर ब्राउझरमधून निघालेली माहिती अशा तीन सर्व्हरमधून, म्हणजे रिलेंमधून, जाते आणि तिच्यावर सांकेतिकतेची तीन आवरणे असतात. प्रत्येक रिले आपल्या वाट्याचे एकच आवरण काढतो. पहिल्याला, म्हणजे गार्डला, माणूस कोण हे दिसते पण तो कोठे निघाला आहे हे दिसत नाही. शेवटच्याला, म्हणजे एक्झिटला, कोठे जायचे आहे हे दिसते पण कोण निघाले आहे हे दिसत नाही. मधल्याला फक्त त्याचे दोन शेजारी ठाऊक असतात. ही कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात मांडली गेली, टॉरचे जाळे २००२ मध्ये सुरू झाले आणि ते सांभाळणारी ‘टॉर प्रकल्प’ ही ना-नफा संस्था २००६ मध्ये स्थापन झाली.

प्रश्न : भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर मी रिले सुरू केला. त्याचे पोर्ट, म्हणजे जोडण्या घेण्याचे दार, बाहेरून पोहोचण्याजोगे असल्याचा संदेशही लॉगमध्ये उमटला. तरीही पहिले तीन दिवस वर्दळ जवळपास नव्हतीच. नंतर ती वाढत गेली, आणि आठवडा उलटून ‘गार्ड’ हा शिक्का मिळताच एकदम घसरली. माझे काय चुकले?

उत्तर : तुमचे काहीच चुकलेले नाही. तुम्ही वर्णन केलेला चढउतार इतका ठरलेला आहे की टॉर प्रकल्पाने २०१३ मध्येच नव्या रिलेच्या आयुष्याचे टप्पे सविस्तर लिहून ठेवले होते. तरीही दर नव्या चालकाला वाटते की आपल्याच यंत्रात काही बिघाड आहे. मी तर पहिल्या आठवड्यात तीन वेळा सर्व्हर पुसून नव्याने उभा केला, आणि दर वेळी नवी ओळख तयार होत असल्यामुळे दर वेळी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली.

कारण असे आहे. नवा रिले स्वतःबद्दल जे सांगतो त्यावर जाळे विश्वास ठेवत नाही. मी शंभर मेगाबिट वेगाचा आहे असे कोणीही लिहून पाठवू शकतो, आणि खोटा वेग जाहीर करून जास्तीत जास्त वर्दळ आपल्याकडे ओढून घेणे हा तर हेरगिरीचा सोपा मार्ग ठरला असता. म्हणून जाळ्यातल्या नऊ डिरेक्टरी ऑथॉरिटी, म्हणजे कोणते रिले सध्या चालू आणि भरवशाचे आहेत याची दर तासाला मतदानाने सामाईक यादी बनवणारे सर्व्हर, नव्या रिलेला सुरुवातीला नाममात्र वजन, म्हणजे वर्दळीत अगदी थोडा वाटा, देतात. त्यांतल्या काही ऑथॉरिटी स्वतंत्रपणे वेग मोजतात. त्या तुमच्या रिलेमधून खरोखर माहिती पाठवून पाहतात आणि पुरेशी मोजमापे जमली की मगच वजन वाढते. पहिले तीन दिवस शांततेत जातात ते यामुळे. त्यानंतर साधारण आठव्या दिवसापर्यंत वर्दळ चढत राहते, कारण या काळात रिले मधल्या टप्प्याचे काम करत असतो.

मग येतो तो घसरणीचा चमत्कारिक टप्पा. सलग चालू राहिलेल्या आणि पुरेसा वेग असलेल्या रिलेला गार्डचा शिक्का मिळतो, आणि तो मिळताच जाळे त्याला मधल्या कामासाठी कमी वापरू लागते, कारण त्याची क्षमता पहिल्या टप्प्यासाठी राखून ठेवायची असते. पण पहिला टप्पा तर वापरणाऱ्यांनी आधीच निवडलेला असतो. टॉर ब्राउझर एकदा निवडलेला गार्ड काही महिने बदलत नाही, कारण वारंवार गार्ड बदलणारा माणूस कधी ना कधी वाईट हेतूच्या रिलेच्या हाती लागण्याची शक्यता वाढते. त्यामुळे जुने काम गेलेले आणि नवे गिऱ्हाईक अजून न आलेले, अशा अवस्थेत तुमचा रिले काही आठवडे राहतो. नवे वापरणारे आले, जुन्यांची मुदत संपली, की त्यांतले थोडे थोडे तुमच्याकडे वळतात. २०१३ च्या त्या टिपणात ही वाढ साधारण ६८ व्या दिवसापर्यंत चालते असे म्हटले होते. आजचे आकडे थोडे वेगळे असतील, पण क्रम तोच आहे.

तोवर करायचे एवढेच की यंत्र उगाच बंद-चालू करायचे नाही. दर सहा तासांनी लॉगमध्ये येणारी ‘हार्टबीट’ची ओळ वाचावी. रिले किती वेळ चालू आहे, किती सर्किटे, म्हणजे तीन रिलेंचे मार्ग, उघडी आहेत, किती माहिती गेली-आली, हे सगळे तिच्यात असते. टर्मिनलवर सतत बघत बसायची हौस असेल तर ‘निक्स’ नावाचे साधन आहे. हौस असते, हे मी अनुभवाने सांगतो.

प्रश्न : घरच्या ब्रॉडबँडवर, जुन्या संगणकावर रिले चालवला तर चालेल का? दोन दिवस चालवून पाहिला, तर राउटर अडखळू लागला आणि बँकेचे संकेतस्थळ उघडेना.

उत्तर : दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. घरगुती राउटर एका वेळी किती जोडण्या लक्षात ठेवू शकतो याला मर्यादा असते. कुटुंबातल्या पाच-सहा यंत्रांच्या काही शे जोडण्या तो लीलया सांभाळतो, पण रिलेने एकाच वेळी सुमारे ७००० जोडण्या सांभाळाव्यात अशी टॉर प्रकल्पाची अपेक्षा आहे, आणि तेवढ्यात राउटरचा तक्ता भरतो. मग नवी जोडणी कोणाचीच होत नाही, तुमच्या फोनचीही नाही. राउटर बंद करून चालू केला की तास-दोन तास बरे वाटते आणि पुन्हा तेच होते.

बँकेचे कारण निराळे आहे. रिलेंची यादी सार्वजनिक असते, कारण ती ब्राउझरला मिळाल्याशिवाय मार्गच ठरवता येत नाही. तुमच्या घरचा आयपी पत्ता त्या यादीत गेला. आता खरे तर बाहेरच्या संकेतस्थळांपर्यंत फक्त एक्झिट रिलेचा पत्ता पोहोचतो, त्यामुळे मधल्या रिलेला अडवण्याचे काही कारण नाही. पण अनेक संकेतस्थळे एवढा विचार करत नाहीत. त्यांनी विकत घेतलेल्या कुठल्या तरी काळ्या यादीत सरसकट सगळे रिले असतात, आणि ओल्याबरोबर सुके जळते.

म्हणून माझा सल्ला असा की ज्या पत्त्यावरून घरातली माणसे रोजचे व्यवहार करतात, त्या पत्त्यावर सार्वजनिक रिले चालवू नये, आणि एक्झिट तर मुळीच नाही. मदत करायचीच असेल तर घरासाठी दोन सौम्य प्रकार आहेत. एक स्नोफ्लेक. ब्राउझरला एक छोटी जोड लावली की, जिथे टॉर अडवलेले आहे अशा ठिकाणचा माणूस तुमच्या मार्फत जाळ्याच्या दारापर्यंत पोहोचतो. त्याची माहिती जगाकडे जाते ती दुसऱ्याच कोणाच्या तरी एक्झिटमधून, तुमच्या पत्त्यावरून नव्हे. दुसरा ब्रिज, म्हणजे सार्वजनिक यादीत नसलेला प्रवेश-रिले. त्याला १ मेगाबिट वेगही पुरतो, मात्र पत्ता वारंवार बदलणारा नसावा. ब्रिजसाठी ९००१ हे टॉरचे जुने ओळखीचे पोर्ट ठेवू नका. अडवणारे तेच आधी धुंडाळतात. आणि आता बँकेच्या संकेतस्थळाबद्दल सांगायचे तर रिले बंद केल्यावर पत्ता अशा याद्यांतून यथावकाश निघतो. किती दिवसांत, ते यादी चालवणाऱ्यावर अवलंबून असते.

प्रश्न : माझ्या सर्व्हरला महिन्याला एकूण १ टेराबाइटची मर्यादा आहे. ती ओलांडली तर जास्तीचे पैसे पडतात. काय करावे?

उत्तर : आधी हिशेब करू. रिलेकडे जेवढी माहिती येते तेवढीच ती बाहेर जाते, म्हणून येणारी आणि जाणारी दोन्ही धरणाऱ्या कंपनीच्या १ टेराबाइटमध्ये तुमच्या वाट्याला एका दिशेने ५०० गिगाबाइटच येतात. तीस दिवसांत वाटले तर दिवसाला साधारण १६.७ गिगाबाइट, म्हणजे सेकंदाला १९३ किलोबाइट, म्हणजेच सुमारे दीड मेगाबिट. उलट टॉर प्रकल्पाला सर्वसाधारण रिलेकडून किमान १० मेगाबिटची अपेक्षा असते, आणि तेवढा वेग अखंड वापरला गेला तर एका दिशेने दिवसाला १०८ गिगाबाइट, महिन्याला ३.२४ टेराबाइट होतात.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. ‘अकाउंटिंगमॅक्स’ या सेटिंगने महिन्याची मर्यादा घालता येते. ती गाठली की रिले पुढच्या महिन्यापर्यंत झोपी जातो. इथे एक खोच आहे. हे सेटिंग मुळात प्रत्येक दिशा वेगळी मोजते, त्यामुळे १ टेराबाइट लिहून निर्धास्त झालेल्या माणसाला महिन्याच्या शेवटी दुपटीचे बिल येते. तुमच्या बाबतीत ५०० गिगाबाइट, किंबहुना सुरक्षिततेसाठी ४५०, लिहावे लागतील. दुसरी वाट म्हणजे वेगच इतका कमी ठेवणे की महिनाभर पुरेल, पण दीड मेगाबिटच्या रिलेमधून जाणाऱ्याला पान उघडेपर्यंत ताटकळत बसावे लागेल. महिन्यातले दहा दिवस धावून वीस दिवस झोपणारा रिले आणि महिनाभर रांगणारा रिले, यांत निवड करण्यापेक्षा तुम्ही त्या यंत्रावर ब्रिज चालवावा असे मला वाटते. किंवा त्याच पैशात माहितीची मर्यादा नसलेला छोटा सर्व्हर शोधावा. ताकदीचे यंत्र लागत नाही. ४० मेगाबिटपर्यंतच्या, एक्झिट नसलेल्या रिलेला ५१२ मेगाबाइट मेमरी पुरते.

आणखी एक. वेग लिहिताना बिट आणि बाइट यांत गल्लत करू नका. ‘१० एमबाइट्स’ आणि ‘१० एमबिट्स’ यांत आठपटींचा फरक आहे, आणि कॉन्फिगरेशन फाइल दोन्ही निमूटपणे स्वीकारते.

प्रश्न : आठ कोअरचा सर्व्हर घेतला, पण रिले एकच कोअर वापरतो असे दिसते.

उत्तर : सध्याच्या टॉर प्रोग्रामची मुख्य कामे एकाच कोअरवर चालतात, हे खरे आहे. उपाय म्हणजे त्याच यंत्रावर वेगवेगळ्या पोर्टवर दोन-तीन रिले चालवणे. डेबियन या लिनक्स प्रणालीवर त्यासाठी तयार आज्ञावली मिळते. एका आयपी पत्त्यावर किती रिले चालतील याला ऑथॉरिटींनी मर्यादा घातली आहे, ती आधी पाहून घ्या. प्रत्येकाची ओळख-किल्ली वेगळी असते आणि सगळे एका कुटुंबाचे, म्हणजे एकाच मालकाचे, म्हणून जाहीर करावे लागतात. ते कसे, हे पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : दोन वेगळ्या देशांत माझे दोन रिले आहेत. दोन्ही एकाच्याच मालकीचे आहेत हे जाहीर करावे, शिवाय संपर्कासाठी ईमेलही द्यावा, असे सांगितले जाते. मग अनामिकता ती काय राहिली?

उत्तर : हा प्रश्न मला या सगळ्या पत्रांत सर्वांत मोलाचा वाटला, कारण या जाळ्याचे मर्म इथेच आहे. अनामिकता वापरणाऱ्यासाठी आहे, चालकासाठी नव्हे.

समजा तुमचा एक रिले कोणाचा तरी गार्ड झाला आणि दुसरा त्याच माणसाचा एक्झिट. आता एका टोकाला माणूस कोण हे दिसते, दुसऱ्या टोकाला तो कोठे चालला हे दिसते, आणि दोन्ही टोके तुमच्याच हातात आहेत. दोन्हीकडच्या माहितीच्या येण्याजाण्याच्या वेळा ताडून पाहिल्या की मधल्या रिलेचा काही उपयोग उरत नाही. तुम्ही असे करणार नाही हे खरे, पण तुमच्या सर्व्हरमध्ये कोणी घुसला, किंवा कोणी तुमच्यावर दबाव आणला, तर? म्हणून टॉर एकाच कुटुंबातले दोन रिले एका सर्किटमध्ये घेत नाही. आयपी पत्त्याचे पहिले दोन आकडे सारखे असलेले रिलेही ते एकत्र घेत नाही. पण वेगळ्या देशांतल्या, वेगळ्या पत्त्यांवरच्या दोन यंत्रांचा मालक एकच आहे हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार कसे? ‘मायफॅमिली’ या ओळीत दोन्ही रिलेंचे फिंगरप्रिंट, म्हणजे त्यांच्या ओळख-किल्लीची खूण, लिहायचे, आणि ते दोन्हीकडे लिहायचे. एकाने म्हटले आणि दुसऱ्याने दुजोरा दिला नाही तर नाते मानले जात नाही. ब्रिज मात्र या यादीत कधीही लिहू नका, कारण ज्याचे अस्तित्व लपवायचे त्याचेच नाव सार्वजनिक यादीत जाईल.

कोणी असे न सांगता रिले उभे केले तर काय होते, याचे उदाहरण २०१४ चे आहे. ३० जानेवारीपासून ११५ वेगवान रिले जाळ्यात शिरले होते. त्यांना गार्डचे शिक्केही मिळाले. टॉरच्या अंतर्गत संदेशांतल्या एका विशिष्ट प्रकाराचा गैरवापर करून ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खुणा पाठवत होते आणि छुप्या सेवांकडे, म्हणजे टॉरच्या आतच चालणाऱ्या संकेतस्थळांकडे, जाणाऱ्यांची ओळख पटवण्याचा प्रयत्न करत होते. ४ जुलैला त्यांना जाळ्यातून काढण्यात आले. म्हणजे पाच महिने ते आत होते. त्या दृष्टीने पाहिले तर ज्याचा मालक माहीत आहे, ईमेल चालू आहे आणि जो पत्राला उत्तर देतो, असा रिले जाळ्याला हवाहवासा वाटणे साहजिक आहे.

तुम्ही खरे नाव द्यावे असा नियम नाही. केवळ याच कामासाठी उघडलेला, पण नियमितपणे वाचला जाणारा ईमेल पत्ता पुरेसा आहे. तो सार्वजनिक होणार आणि त्यावर जाहिरातींचा कचरा येणार, हे गृहीत धरा.

प्रश्न : एक्झिट रिले चालवण्याची इच्छा आहे, पण भीती वाटते. तक्रारी आल्या तर काय करावे? निदान वाईट वर्दळ गाळून टाकता येईल का?

उत्तर : भीती अनाठायी नाही. कोणी टॉरमधून एखाद्या संकेतस्थळावर हल्ला केला किंवा चोरीचा चित्रपट उतरवला, तर समोरच्याला दिसतो तो तुमच्या एक्झिटचा पत्ता. तक्रार येते तुमच्या होस्टिंग कंपनीकडे आणि तिथून तुमच्याकडे. म्हणून या रिलेची खरी देखभाल यंत्राच्या बाहेर असते.

सुरुवात कंपनीपासून करा. सर्व्हर घेण्याआधीच तिला लेखी विचारा की एक्झिट चालेल का. नंतर कळवू म्हणून जे गप्प बसतात, त्यांचा सर्व्हर पहिल्या तक्रारीला बंद होतो. मग त्या पत्त्याला असे उलट नाव, म्हणजे आयपी पत्त्यावरून शोधल्यावर मिळणारे नाव, द्या की पाहणाऱ्याला तो टॉरचा एक्झिट असल्याचे नावावरूनच कळेल, आणि ब्राउझरने तो पत्ता उघडला तर एक साधे माहितीपान दिसेल अशी सोय करा. हे यंत्र काय आहे, त्यावर वापरणाऱ्यांच्या नोंदी का ठेवल्या जात नाहीत, तक्रार कोणाकडे करावी, एवढे त्या पानावर असावे. तक्रारीच्या ताकदीतली बरीचशी हवा तिथेच निघून जाते. तपास करणारा शहाणा माणूस पाच मिनिटांत ओळखतो की इथून पुढे धागा नाही.

बहुतेक तक्रारी यंत्राने यंत्राला पाठवलेल्या असतात, पण उत्तर माणसाने द्यायचे असते, आणि तेही चोवीस तासांच्या आत. उत्तरात नम्रपणे लिहावे की हा टॉर एक्झिट आहे, ही वर्दळ आमच्या यंत्रावर जन्मलेली नाही, तुम्हाला टॉरची वर्दळ नको असेल तर एक्झिटची सार्वजनिक यादी घेऊन ती अडवता येईल, आणि हवे असल्यास तुमचा पत्ता आमच्या एक्झिट धोरणातून आम्ही वगळू. माझ्याकडे आलेली पहिलीच तक्रार नको असलेल्या मेलच्या कप्प्यात जाऊन पडली. तीन दिवसांनी कंपनीने सर्व्हर तोडला, आणि मला ते कळले ते रिले यादीतून नाहीसा झाल्यावर. कंपनीला दोष देण्यात अर्थ नव्हता. तिने तीन स्मरणपत्रे पाठवली होती. तीही त्याच कप्प्यात सापडली.

आता गाळण्याबद्दल. कोणत्या पोर्टवर जाऊ द्यायचे हे ठरवण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि तो एक्झिट धोरणातून बजावायचा असतो. मूळ धोरणातच २५ हे मेलचे पोर्ट बंद असते, त्यामुळे टॉरमधून कचरा-मेलचा पूर लोटत नाही. ‘रिड्यूस्ड एक्झिट पॉलिसी’ घेतली तर फक्त नेहमीच्या वापराची पोर्टे उघडी राहतात आणि तक्रारी बऱ्याच कमी होतात. नव्या चालकाने तिथूनच सुरुवात करावी. हे धोरण जाहीर असते, म्हणून ब्राउझर आधीच बघतो की इथून जाता येईल की नाही. पण धोरणात एक लिहून मागच्या दाराने फायरवॉलमध्ये भलतेच अडवले, तर वापरणाऱ्याला वाटते की समोरचे संकेतस्थळ बंद आहे, आणि तो हताशपणे पान पुन्हा पुन्हा उघडत बसतो. असा रिले लक्षात आला की ऑथॉरिटी त्यावर ‘बॅडएक्झिट’ असा शिक्का मारतात.

वर्दळ डोकावून पाहणे तर त्याहून वाईट. आज बहुतेक संकेतस्थळे सांकेतिक जोडणी वापरतात, त्यामुळे तुम्हाला मजकूर दिसणारच नाही. जे थोडे उघडे जाते ते पाहणे हा वापरणाऱ्याचा विश्वासघात आहे, आणि अनेक देशांत कायद्यानेही गुन्हा ठरू शकतो. उलट, नोंद ठेवलीच नाही तर कोणी मागितली तरी द्यायला तुमच्याकडे काही नसते. टॉर मुळातच लॉगमध्ये पत्ते झाकून लिहितो. ते सेटिंग जसे आहे तसेच राहू द्या. नाव शोधण्याचे काम, म्हणजे डीएनएस, हेही एक्झिटच करतो. त्यासाठी एखाद्या मोठ्या कंपनीचा सार्वजनिक सर्व्हर न वापरता स्वतःच्याच यंत्रावर एक शोधक ठेवा, नाहीतर अनेक एक्झिटमधून लोक कोठे कोठे जातात याची यादी तिसऱ्याच्याच हाती जमा होते.

कायद्याबद्दल मी एवढेच सांगेन की तो देशादेशांत वेगळा आहे, आणि हे पान वकिलाची जागा घेऊ शकत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेने अमेरिकेतल्या चालकांसाठी प्रश्नोत्तरे तयार केली आहेत. ती वाचल्यावर निदान वकिलाला काय विचारायचे ते कळते. एकट्याने करण्यापेक्षा संस्थेच्या नावाने करणे बरे. फ्रान्समधली ‘नोझ ओन्यों’ आणि अमेरिकेतली ‘एमरल्ड ओनियन’ या संस्था याच कामासाठी उभ्या राहिल्या.

प्रश्न : मी एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. आमच्याकडे रिले ठेवावा का, असा विषय निघाला आहे. कोणी असे केले आहे का?

उत्तर : केले आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या लेबनॉन गावी किल्टन ग्रंथालयाने २०१५ च्या उन्हाळ्यात रिले सुरू केला. अंतर्गत सुरक्षा खात्याच्या एका अधिकाऱ्याकडून इशारा पोलिसांपर्यंत पोहोचला, पोलिसांनी ग्रंथालयाशी बोलणे केले, आणि ग्रंथालयाने रिले बंद ठेवला. त्या गोष्टीचा गवगवा झाला. सप्टेंबरमध्ये विश्वस्त मंडळाच्या सभेला गावकरी मोठ्या संख्येने आले, आणि मंडळाने रिले पुन्हा चालू करायचे ठरवले. यंत्राला त्या काळात काही झाले नव्हते. प्रश्न सगळा माणसांना समजावण्याचा होता, आणि तो आधी न सोडवल्यामुळे नंतर सोडवावा लागला. तुम्ही तो आधी सोडवा. विश्वस्तांसमोर विषय मांडताना एक्झिट नव्हे तर मधला रिले मांडा, वाचकांच्या वापरासाठी असलेल्या जोडणीपासून त्याची जोडणी वेगळी ठेवा, आणि रात्री दोन वाजता तो बंद पडला तर सकाळी कोण बघणार हे नावानिशी ठरवा. ती व्यक्ती सोडून गेल्यावर अनाथ झालेले रिले मी पाहिले आहेत. ते चालू असतात, पण जुन्या आवृत्तीवर, आणि शेवटी ऑथॉरिटी त्यांना यादीतून वगळतात.

प्रश्न : सर्व्हरची डिस्क गेली. नव्या यंत्रावर त्याच नावाने रिले चालू केला, तरी जुनी प्रतिष्ठा मिळाली नाही. असे का?

उत्तर : नाव हे फक्त आपल्या सोयीसाठी असते. एकाच नावाचे दहा रिले असू शकतात. खरी ओळख म्हणजे टॉरच्या डेटा फोल्डरमधल्या ‘कीज’ या उपफोल्डरातल्या किल्ल्या. त्या जपून ठेवल्या असत्या तर नव्या यंत्रावर, अगदी नव्या पत्त्यावरही, तोच रिले पुढे चालला असता. आता इलाज नाही, पहिल्या उत्तरातला सगळा प्रवास पुन्हा करावा लागेल. या वेळी रिले सुरू केल्याच्या दिवशीच ते फोल्डर सांकेतिक करून दुसरीकडे ठेवा.

उलटी चूक मी केली आहे. सर्व्हरची हुबेहूब प्रत काढून ती दुसऱ्या यंत्रावर चालू केली, आणि किल्ल्या बदलायला विसरलो. एकाच ओळखीचे दोन रिले दोन पत्त्यांवरून ऑथॉरिटींना आपापली माहिती पाठवू लागले. यादीत माझा पत्ता कधी हा तर कधी तो. वर्दळ दोन्हीकडे ओसरली, आणि कारण सापडायला मला एक पूर्ण रविवार लागला.

प्रश्न : रोजच्या देखभालीला किती वेळ द्यावा लागतो?

उत्तर : एक्झिट नसेल तर आठवड्याला अर्धा तास पुरतो. टॉर प्रकल्पाच्या स्वतःच्या भांडारातून पॅकेज घ्या आणि सुरक्षा-सुधारणा आपोआप बसतील अशी व्यवस्था करा. घड्याळ नेहमी बरोबर ठेवा, कारण यादीला मुदत असते आणि घड्याळ चुकलेल्या रिलेला ताजी यादीही शिळी वाटते. उघड्या फाइलींची मर्यादा वाढवून ठेवा, नाहीतर जोडण्या वाढल्या की लॉग तक्रारींनी भरतो. त्या यंत्रावर दुसरे काहीही चालवू नका. तुमचा ब्लॉगही नाही.

प्रश्न : चार वर्षे रिले चालवला. आता खर्च झेपत नाही. बंद कसा करावा?

उत्तर : एवढी वर्षे चालवलात, त्याबद्दल आधी आभार. बंद करणे सोपे आहे, फक्त प्लग ओढू नका. टॉरला व्यवस्थित थांबण्याची आज्ञा दिली की तो नवी जोडणी घेणे थांबवतो, आणि असलेल्यांना आवरायला मुळात ३० सेकंद देतो. ‘शटडाउनवेटलेंग्थ’ वाढवून ती मुदत लांबवता येते. तुमचा रिले ज्यांचा गार्ड होता त्यांचे ब्राउझर दुसरा गार्ड निवडतील, त्यांना बहुधा कळणारही नाही. इतर रिले असतील तर त्यांच्या कुटुंबाच्या ओळीतून याचे फिंगरप्रिंट काढा. एक्झिट असेल तर उलट नाव पुसायला कंपनीला सांगा, कारण तो पत्ता पुढे दुसऱ्या कोणाला मिळेल आणि त्या बिचाऱ्याला आपले मेल का पोहोचत नाहीत हे कळणार नाही. किल्ल्या मात्र लगेच नष्ट करू नका. तीन-चार महिन्यांत मनात पुन्हा यायचे.